तिसऱ्या गाण्याची झोप

आमच्या घरात कंट्री म्युझिक शिरलं ते लिफ्टमधून. बाबांना माउथ ऑर्गनचा नाद कॉलेजपासूनचा. पण आईच्या मते तो घरात वाजवायचा प्रकार नव्हता आणि बाबांच्या मते तो रॅफल्स प्लेसच्या बँकेत वाजवायचा प्रकार नव्हता. मध्ये उरायची ती लिफ्ट. तिच्यात आवाज छान घुमतो असा त्यांना शोध लागला होता. संध्याकाळी परतल्यावर ते एकटेच आत शिरत, खिशातून बाजा काढत आणि आमचा चौदावा मजला येईपर्यंत एक अंतरा बसवत. सिंगापूरच्या टोकाला, पुंगोलला तेव्हा इमारती उभ्या होत्या, माणसं यायची होती, म्हणून हे खपून गेलं. एके दिवशी चौदाव्या मजल्यावर दार उघडलं तर समोर शेजारचे ओंग अंकल हातात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन उभे. त्यांनी बाजाची पट्टी विचारली, "जी की सी?" बाबा घाबरून म्हणाले, "जी." ओंग अंकल म्हणाले, "शनिवारी ये, लाह." आणि ते वर्तमानपत्रं घेऊन खाली निघून गेले. बाबांनी आयुष्यात पुष्कळ मुलाखती दिल्या, पण इतक्या थोडक्यात नेमणूक कुठेच झाली नव्हती.

ओंग अंकलचं इंग्रजी मी इथे मराठीतच लिहिते आहे. वाक्याच्या शेपटाला लागणारा तो सिंगापुरी 'लाह' तेवढा राहू देते, कारण तो काढला तर ते सरकारी पत्रकातून बोलताहेत असं वाटेल. ते निवृत्त बस ड्रायव्हर. तीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवून त्यांचा चेहरा थांब्यासारखा झाला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याचा त्यावर काही परिणाम होत नसे. ते मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार वाजवत. आपल्याकडे हिला हवाईयन गिटार म्हणतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि डाव्या हातात लोखंडी कांडी. ती कांडी तारांवरून सरकली की जो आवाज निघतो त्याला बाबा 'मींड' म्हणत आणि आई 'गळा काढणं' म्हणे. तिसरे पर्सी अंकल. निवृत्त भूगोल शिक्षक, युरेशियन, गाणारे आणि साधी गिटार वाजवणारे. त्यांच्याकडे काउबॉयची टोपी होती, बूट होते, पट्ट्याचं मोठं बक्कल होतं. घोडा मात्र त्यांनी बुकित तिमाहच्या रेसकोर्सवर आणि तोही कुंपणाबाहेरून पाहिला होता. चौथी मी. सोळा वर्षांची, खंजिरी आणि मागचा आवाज. मला कुणी विचारलं नव्हतं. "पोरीचा आवाज वरच्या पट्टीत जातो," असं बाबांनी परस्पर सांगून टाकलं होतं.

बँडचं नाव 'उलू फोर'. सिंगापुरात आडबाजूच्या, जिथे कुणी जात नाही अशा जागेला उलू म्हणतात. टॅक्सीवाल्याला पुंगोल सांगितलं की तो आधी "वाह, सो उलू!" म्हणायचा आणि मग मीटर पाडायचा. पर्सी अंकलचं म्हणणं असं, की कंट्री म्युझिक हे मुळात आडरानातल्या माणसांसाठी आहे, तेव्हा आपण ते आडरानातच नेलं पाहिजे. आता हा देश या टोकापासून त्या टोकापर्यंत तासाभरात संपतो. पण शोधलं की आडरान सापडतं. तुआसच्या पलीकडची कामगारांची डॉर्मिटरी, पुलाउ उबिन बेटावरचं सातआठ घरांचं गाव, लिम चू कांगची शेतं. महिन्यातून एका शनिवारी आम्ही पर्सी अंकलच्या व्हॅनमधून निघायचो आणि बाबा त्याला 'दौरा' म्हणायचे. वळकटी तेवढी बरोबर घेत नसत. निघण्यापूर्वी बाबा पुढच्या चाकाशी नारळ फोडत, ओंग अंकल तीन उदबत्त्या लावत आणि पर्सी अंकल छातीवर क्रूस काढत. एवढा बंदोबस्त करूनही व्हॅन तुआसच्या रस्त्यावर दोनदा बंद पडली.

श्रोते सज्जन होते. दिवसभर जहाजावर वेल्डिंग करून आलेली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून एका सिंगापुरी शिक्षकाची अमेरिकन घोड्याबद्दलची इंग्रजी तक्रार शांतपणे ऐकून घेत. एकदा एका बांगलादेशी कामगाराने मला मध्यंतरात हिंदीत विचारलं, "दीदी, ये आदमी इतना दुखी क्यों है?" मी म्हटलं, "उसका घोड़ा मर गया." तो गंभीर झाला. म्हणाला, "हमारा गाय मरा, पिछले साल." पुढचा सगळा कार्यक्रम त्याने हाताची घडी घालून, मान हलवत ऐकला. पर्सी अंकलना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?" मला त्या वयात ते हास्यास्पद वाटलं होतं. आता वाटत नाही.

सराव आमच्याच घरी व्हायचा, कारण ओंग अंकलच्या हॉलमध्ये एक भलंमोठं देवघर, दोन फ्रीज आणि बसच्या जुन्या पाट्या होत्या. शनिवारची दुपार म्हणजे आमच्याकडे थालीपिठांचा वास, खिडकीतून सामुद्रधुनीचा खारट वारा, समोरून चाचणीसाठी रिकामीच फिरणारी एलआरटीची छोटी रेल्वेगाडी आणि या सगळ्यावर तो गळा काढणारा आवाज. आई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यीस्टवर संशोधन करायची. शनिवारीही अर्धा दिवस जायची, कारण यीस्टला शनिवार कळत नाही. परत आली की कपाळाला बाम चोळत ती तव्यावर थालीपीठ थापायची आणि कढी गरम ठेवायची. पाहुण्यांना उपाशी ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं, मग पाहुणे कसंही वाजवोत. कंट्री म्युझिकबद्दल तिचं मत एका वाक्यात होतं: "घोडा मेला, बायको गेली, ट्रक बंद पडला, आणि तिन्हीला चाल एकच." तिला कुणी गप्प करू शकत नसे, कारण ती खोटं बोलत नसे. कौतुकासाठीसुद्धा नाही. पर्सी अंकलनी एकदा हौसेनं विचारलं, कसं वाटलं? आई म्हणाली, "मोठं होतं."

तीन वर्षांत ती आमच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. त्याचं कारण तिच्या वडिलांत होतं. आमचे अण्णा आजोबा कराडला व्याख्यानमाला चालवत. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. लोक येतात आणि मागून बसत जातात, पुढची रांग पाहुण्यांची म्हणून मोकळी, आणि पाहुणे येतच नाहीत. अण्णांचा नियम होता, की पुढची रांग मोकळी दिसली की घरच्यांनी जाऊन बसायचं. "समोर रिकामी खुर्ची दिसली की बोलणाऱ्याचा घसा सुकतो," असं ते म्हणत. आईचं सगळं बालपण पहिल्या रांगेत, आर्थिक विषमता आणि दासबोध ऐकण्यात गेलं. ती म्हणायची, "मी आले तर मला पुढे बसावं लागेल. आणि पुढे बसून मला तोंड लपवता येत नाही." बाबांनी हे कारण मान्य केलं होतं. ते बरेच दिवस नवरा होते.

पुढच्या रांगेचा प्रश्न आमच्याकडे तसाही नव्हता, कारण तिथे ओंग आंटी असायच्या. ठेंगण्या, फुलाफुलांची ब्लाउज-पॅन्ट, हातात बार्लीच्या पाण्याचा थर्मास. प्रत्येक दौऱ्याला त्या यायच्या, पहिल्या रांगेत बरोबर मधल्या खुर्चीवर बसायच्या, पहिलं गाणं ऐकायच्या, दुसऱ्याला डोळे जड व्हायचे आणि तिसरं सुरू झालं की मान डाव्या खांद्यावर टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपायच्या. टाळ्यांनी जाग्या व्हायच्या आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायच्या. पर्सी अंकल सुरुवातीला दुखावले होते. मग ओंग अंकलनी त्यांना सांगितलं, की ती त्यांना अशीच भेटली होती. लिम चू कांगच्या शेतावरची मुलगी, शहरात कारखान्यात कामाला जायची. परतताना ओंग अंकलच्या शेवटच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसायची, झोपायची आणि तिचा थांबा मागे पडायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तिला शेवटच्या थांब्यावर उठवलं आणि ती रडायला लागली, म्हणून ती आख्खी बस घेऊन ते तिला परत सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठव्या दिवशी आपण लग्न करू असं ठरलं. पर्सी अंकलनी यावर गाणं रचलं. ट्रकऐवजी बस, आणि शेवटच्या कडव्यात पुढच्या सीटवर झोपलेली मुलगी. उलू फोरचं स्वतःचं असं ते एकच गाणं. ते नेहमी तिसरं असायचं, कारण आंटी तोवर झोपलेल्या असायच्या.

आईचं आणि आंटींचं मात्र छान जमत असे. आंटींना होक्कियन या चिनी बोलीशिवाय काही यायचं नाही आणि आईला होक्कियन सोडून बाकी सगळं. लिफ्टसमोर भेटल्या की आंटी आपल्या भावाच्या शेतावरची लाव्याची अंडी आईच्या हातात द्यायच्या, बारा. आई अंडं खात नाही. पण आंटींना नाही म्हणायला जो शब्द लागतो तो तिला येत नव्हता, म्हणून ती दोन्ही हातांनी घ्यायची, आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात उकडायची आणि डबा परत करताना त्यात बेसनाचे लाडू घालायची. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे दोघींनाही माहीत होतं. चार वर्षं हे डबे जात-येत होते. आंटींना लाडवाचं नाव कधी कळलं नाही. त्या अंगठा दाखवायच्या.

आंटी गेल्या ते चार दिवसांच्या आजारात. आमच्याकडे डबा राहिला होता, अंड्यांचा, रिकामा. आईने तो घासून ओट्यावर पालथा घातला आणि तो तिथेच राहिला. ओंग अंकलनी सगळे विधी नीट केले, रडले नाहीत, निदान आमच्यासमोर नाहीत, आणि मग एका रविवारी सकाळी त्यांची गिटार तिच्या काळ्या पेटीसकट दाराबाहेर चपलांच्या फळीशेजारी येऊन बसली. रविवारी आमच्या ब्लॉकमध्ये भंगारवाला यायचा. त्याला तिकडे करंगुनी म्हणतात. हातात रबरी भोंगा, मजल्यामजल्यावर पों-पों करत फिरायचा. जुने रेडिओ, पंखे, वर्तमानपत्रं घ्यायचा. त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा बाबा बनियनवरच बाहेर धावले आणि पेटीवर बसून राहिले. करंगुनीने विचारलं, हे द्यायचंय? बाबा म्हणाले, "नाही. मी बसलोय." दाराच्या जाळीतून ओंग अंकल बघत होते. म्हणाले, "ती ऐकत नाही तर मी कुणासाठी वाजवू, लाह?" बाबा भोंगा दूर जाईपर्यंत पेटीवरून उठले नाहीत. त्यानंतर दर रविवारी भोंगा ऐकू आला की आमच्या घरातले चहाचे कप हवेतच थांबायचे.

तोड पर्सी अंकलनी काढली. चिनी सातवा महिना जवळ आला होता. त्या महिन्यात गेलेली माणसं घरी येतात अशी श्रद्धा. आपल्या पितृपंधरवड्याचा थोरला भाऊच म्हणायचा, फक्त हा महिनाभर चालतो. त्यांच्यासाठी जागोजागी मंडप घालून गाण्याचे कार्यक्रम होतात आणि पहिली रांग पाहुण्यांसाठी रिकामी ठेवतात. हे पाहुणे मात्र नक्की येतात. जिवंत माणसाने त्या रांगेत बसायचं नाही. लिम चू कांगला आंटींच्या भावाच्या अंड्यांच्या शेतावर असा कार्यक्रम असे. आम्ही त्याला एग अंकल म्हणायचो. होक्कियन गायिका यायच्या आधी, उजेड असतानाच, आम्हाला अर्धा तास मिळेल असं त्याने कबूल केलं. ओंग अंकल म्हणाले, "ती जन्मली त्या शेतावर. कुठे आलीच तर तिथे येईल. मधली खुर्ची मी बघीन. आली असं वाटलं तर वाजवीन. नाहीतर येत्या रविवारी करंगुनी. मग तू पेटीवर बसायचं नाही." बाबांनी वचन दिलं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, की शनिवारी ओंगचा निकाल आहे. रांगेचं सांगितलं नाही. ती थोडीच येणार होती?

त्या शनिवारी मी पहिल्यांदाच मनापासून गेले. बाबांनी नारळ फोडला तो एका घावात फुटला, एवढीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. शेतावर मंडप घातलेला, मागे गोल टेबलं, त्यांवर वाफाळणारे नूडल्स आणि मासे, उदबत्त्यांचा धूर आणि कोंबडखताचा वास. स्टेज म्हणजे एका लॉरीचा पाठीमागचा भाग. समोर दहा खुर्च्यांची रांग, सगळ्यांना लाल आवरणं, सगळ्या रिकाम्या. एक लहान मूल तिकडे धावलं तर त्याच्या आजीने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. ऊन अजून होतं. मी पर्सी अंकलना हळूच विचारलं, "भुतं उजेडात येतात?" ते म्हणाले, "सिंगापूरची आहेत. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे येतात."

पहिलं गाणं झालं. ओंग अंकल मांडीवर गिटार घेऊन, कांडी तारांपासून बोटभर वर धरून मधल्या खुर्चीकडे बघत बसले होते. त्यांनी एक सूरही वाजवला नाही. दुसरं गाणं झालं. तेही त्यांच्यावाचून. टेबलांवरून चार टाळ्या आल्या. दुसरं संपल्यावर त्यांनी कांडी खाली ठेवली आणि उजव्या हाताच्या अंगठ्यातली नखी काढून शर्टाच्या खिशात टाकली. मग दुसऱ्या बोटातली. पर्सी अंकलनी ते पाहिलं, बाबांनी पाहिलं, मी पाहिलं. पर्सी अंकलनी तरीही बसचं गाणं धरलं, नेहमीपेक्षा सावकाश. माझा आवाज मागून कसाबसा येत होता. मला रडू येत होतं आणि खंजिरी वाजवत रडणं फार अवघड असतं.

अशा वेळी मंडपाच्या तोंडाशी मला आई दिसली. प्रयोगशाळेतून तशीच आलेली, कॉटनचा कुर्ता, खांद्याला झोळी, हातात तो अंड्यांचा डबा. नंतर कळलं, की तिने लाडू केले होते, आंटींच्या फोटोपुढे ठेवायला. क्रांजीपर्यंत एमआरटी, पुढे बस, मग शेताच्या रस्त्याने पायी. पहाटेपासून उभी होती. तिने मंडपावर नजर टाकली. भरलेली टेबलं पाहिली, स्टेजवर तिघं वाजवताहेत आणि एक नुसता बसलाय हे पाहिलं, आणि मग ती पहिली रांग पाहिली. लाल आवरणं. पाहुण्यांच्या खुर्च्या. आणि पाहुणे आलेले नाहीत. मी तिचा चेहरा वाचू शकत होते. कराडच्या अण्णांची मुलगी ताठ झाली, आणि मधल्या वाटेने चालत, कुणाकडे न बघता, पुढे आली. बाबांच्या तोंडात बाजा होता म्हणून ते ओरडू शकले नाहीत. नसता तरी ओरडले असते असं मला वाटत नाही. मी मान हलवून नाही-नाही केलं. तिला वाटलं मी तालावर डोलते आहे. ती बरोबर मधल्या खुर्चीवर बसली.

मागून "आयोऽऽ!" असा एक आवाज आला आणि मग सगळ्या चॉपस्टिक थांबल्या. एग अंकल उठून पुढे निघाले. आई तोवर डबा मांडीवर घेऊन टेकली होती. दिवसभराचा शीण, ऊन, धूर, आणि पर्सी अंकलची सावकाश चाल. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तिची मान डाव्या खांद्यावर पडली आणि तोंड किंचित उघडलं. एग अंकल तिच्या खुर्चीपर्यंत पोचले होते. ओंग अंकलनी स्टेजवरून हात वर केला, बस थांबवतात तसा. एग अंकल जागच्या जागी उभे राहिले. मग ओंग अंकलनी खिशात हात घालून नख्या काढल्या, एकेक करून बोटांत चढवल्या आणि शेवटच्या कडव्याला, पुढच्या सीटवर मुलगी झोपलेली असते तिथे, कांडी तारांवर टेकवली.

मी तो आवाज तीन वर्षं ऐकत होते. थालीपिठं खाता खाता, गृहपाठ करता करता ऐकला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा ऐकला. ते कडवं त्यांनी वाजवलं आणि शेवटच्या ओळीआधी थांबले. नुसते थांबले. झोपलेल्या माणसाला उठवावं की नाही, असा विचार करत असल्यासारखे. मग ओळ पूर्ण केली. त्यानंतर आम्ही आणखी तीन गाणी वाजवली आणि तिन्हींत ते होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा नेहमीसारखाच थांब्याचा होता. बाबांचे सूर दोन ठिकाणी चुकले. कुणी हरकत घेतली नाही.

टाळ्या झाल्या तेव्हा आईने डोळे उघडले. मंडप उभा राहून तिच्याकडे बघत होता. ओंग अंकल लॉरीवरून खाली उतरून तिच्यासमोर आले आणि म्हणाले, "तिसरं गाणं. सेम, लाह." आईला काही समजलं नसणार असं आम्हाला वाटलं. तिने त्यांना डबा दिला. त्यांनी उघडून लाडू पाहिले आणि अंगठा दाखवला. एग अंकलनी लाव्याच्या अंड्यांचे दोन ट्रे आणून आईपुढे धरले. तिने दोन्ही हातांनी घेतले. परतताना व्हॅनमध्ये बाबांनी तिला मराठीत सगळं समजावलं, पहिली रांग, सातवा महिना, मधली खुर्ची, आंटींची तिसऱ्या गाण्याची झोप. ती ट्रे मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. एवढंच म्हणाली, "हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" बाबा म्हणाले, "तू येणार नव्हतीस." यावर तिने उत्तर दिलं नाही, ही आमच्या घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट होती.

रविवारी भोंगा वाजला. बाबा दार उघडून बघायला गेले. चपलांच्या फळीशेजारी काही नव्हतं. दुपारी ओंग अंकलनी आमची बेल वाजवली आणि बाबांना नाही, आईला सांगितलं, "मिसेस, पुढच्या महिन्यात तुआस. चार वाजता. मी खुर्ची ठेवतो." मला वाटलं आता ही 'मोठं होतं' असं काहीतरी म्हणणार. आई म्हणाली, "ओके."

त्यानंतर सहा वर्षं आई आमच्या प्रत्येक दौऱ्याला आली. तुआस, उबिन, लिम चू कांग. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. पहिलं गाणं ऐकायची, दुसऱ्याला तिचे डोळे जड व्हायचे आणि तिसऱ्याला मान डाव्या खांद्यावर. टाळ्यांनी उठायची. मी विद्यापीठात गेले, मित्रमैत्रिणींना कार्यक्रमाला बोलवायला लागले, आणि आपली पीएचडी आई सगळ्यांसमोर तोंड उघडं टाकून झोपते याची मला भयंकर लाज वाटायची. एकदा मी तिला स्पष्ट म्हटलं, "मम्, प्लीज, यू कान्ट जस्ट स्लीप लाइक दॅट." ती म्हणाली, "मराठीत बोल." मी मराठीत म्हटलं. ती म्हणाली, "दमते मी." त्या उद्धट पोरीचे कान आज मी आनंदाने उपटले असते.

ओंग अंकल गेले तेव्हा पुंगोल उलू राहिलं नव्हतं. एलआरटीत बसायला जागा मिळत नव्हती. आमच्याच ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत त्यांच्या अंत्यदर्शनाचा मंडप होता, आणि एग अंकलच्या सांगण्यावरून संध्याकाळी आम्ही तिघांनी तिथे वाजवलं. गिटारची पेटी त्यांच्या फोटोशेजारी ठेवली होती. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर आई होती. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. बसचं गाणं सुरू झालं आणि मी सवयीने तिच्याकडे पाहिलं. आई ताठ बसली होती. डोळे पूर्ण उघडे. गाणं संपेपर्यंत ती त्या पेटीकडे बघत होती. पापणीसुद्धा हलली नाही.

वर आल्यावर तिने चपला फळीवर ठेवल्या, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं. बाबांनी विचारलं, "आज झोप नाही आली?"

"आज कुणासाठी झोपू?" आई म्हणाली.

तिने आधणात साखर घातली. मग पाठमोरीच बोलायला लागली. "पहिल्या दिवशी डुलकी लागली ती खरी. गिटार सुरू झाली आणि जाग आली. जरासे डोळे उघडले तर बाजूच्या सगळ्या खुर्च्या अजूनही रिकाम्या. म्हटलं, काहीतरी चुकलंय आपलं. उठणार होते. पण ओंग माझ्याकडे बघून वाजवत होते आणि रडत होते. उठून काय करणार? मिटले डोळे." चहा गाळून तिने कप बाबांपुढे सरकवला. "त्यानंतर एकदाही झोपले नाही. मान मात्र फार दुखायची."

बाबांनी कप उचलला नाही. मी सहा वर्षांचं सगळं आठवून मान खाली घातली होती. आईने पदराला हात पुसावा तसा ओढणीला पुसला, डोळेही त्याच ओढणीने पुसले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आणि अरे, त्या तिसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं तू कायम घाईत संपवतोस. शेवटच्या ओळीआधी थांबायचं असतं तिथे. ओंग थांबायचे."